इन्सुलिनची बाटली आणि आपले कर्तव्य

मधुमेहाचा रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा आपण त्याचा आहार, विहार, निद्रा व मलप्रवृत्ती यांविषयी बारकाईने विचारतो. तो इन्सुलिन टोचून घेत असेल तर किती युनिट घेतो, हेही विचारतो. ते इन्सुलिन घरात कोठे ठेवले आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हीही अनेक वर्षे विचारीत नव्हतो.

काही वर्षांपूर्वी साठीच्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. इंजेक्शन वेळेवर, तरीही रक्तशर्करा उतरत नव्हती. त्यांच्या डॉक्टरांनी मात्रा दोनदा वाढविली होती. आम्ही पथ्यातच दोष शोधीत राहिलो आणि त्या निमूटपणे आमची बोलणी ऐकून घेत राहिल्या. पुढे बाटली संपली. नवी बाटली वाढविलेल्याच मात्रेने टोचली आणि त्या दुपारी घामाने थबथबून बेशुद्ध पडल्या. शेजाऱ्यांनी तातडीने रुग्णालयात नेले म्हणून निभावले. चौकशीअंती कळले, की जुनी बाटली फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली होती व एकदा गोठलीही होती. दोष पथ्याचा नव्हता, बाटलीचा होता.

इन्सुलिन हे ५१ अमायनो आम्लांचे प्रथिन आहे. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जसा पुन्हा पातळ होत नाही, तशी प्रथिनाची एकदा बिघडलेली घडण सहसा पूर्ववत होत नाही. उष्णता, गोठणे, ऊन आणि जोराने हलविणे हे प्रथिनौषधींचे चार शत्रू होत. प्रतिसर्पविष, रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन, संधिवात व कर्करोगावरील अँटिबॉडीची इंजेक्शने ही सर्व याच जातीची. रुग्णालयात भुकटीरूप प्रतिसर्पविष विरघळविताना घाईने बाटली खळखळविली की फेस येतो. ती हळुवार फिरवावी.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी, दारात नव्हे. वापरातील बाटली २५ ते ३० अंशांखाली बहुधा चार आठवडे टिकते. वेष्टनावरील सूचना प्रमाण मानावी. गोठलेली बाटली वितळवून वापरू नये. दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळुवार घोळवावे. स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसल्यास टाकून द्यावे. मात्र वीर्य गेलेले औषध डोळ्यांना निर्दोषही दिसू शकते. फ्रीज नसलेल्या घरी मोठ्या मडक्यातील ओल्या वाळूत लहान मडके बसवून, त्यात कोरड्या बंद डब्यात बाटली ठेवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो; कोकण-गोव्याच्या दमट हवेत पाणी फारसे उडत नसल्याने गारवा कमी मिळतो.

औषध दुकानदार बंधूंना आमची नम्र सूचना आहे. वीजबचतीसाठी रात्री फ्रीज बंद करणे ही रुग्णाची फसवणूक आहे. फ्रीजमध्ये तापमापक ठेवावा व रोज नोंद करावी. बाटली बर्फाला थेट चिकटवून देऊ नये. ४० युनिटच्या बाटलीसोबत लाल टोपणाची, ४० युनिटचीच सिरिंज द्यावी. नारिंगी टोपणाची १०० युनिटची दिल्यास मात्रा अडीच पटींनी कमी पडते. बाटली उघडल्याचा दिनांक तीवर लिहावयास सांगावे.

काही वैद्यबंधू म्हणतील, की हे आधुनिक औषध, आपला काय संबंध? चरकाचार्यांनी कल्पस्थानात औषधींचे भांडार अग्नी, पाणी, धूर, धूळ व उंदीर यांपासून दूर असावे असे सांगितले आहे. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी हीन होते, असे नोंदविले आहे. औषधाचे वीर्य जपण्याची शिकवण ज्यांना परंपरेनेच मिळाली, त्यांनी हा प्रश्न परका मानणे योग्य नव्हे. शिवाय आपला रुग्ण एकच आहे. त्याच्या देहात दोन शास्त्रांच्या दोन खोल्या नाहीत. त्याचे इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणे जितके गैर, तितकेच ते बिघडलेले असताना पथ्याला दोष देणे गैर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या भगिनींची आम्ही क्षमा मागितली. तेव्हापासून इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णास आम्ही पहिल्याच भेटीत बाटली कोठे ठेवता, हे विचारतो. समस्त वैद्यबंधु-भगिनींनी हा प्रश्न आपल्या केसपेपरवर कायमचा छापून घ्यावा, ही विनंती.