आवाजावर भाळण्याआधी आरसी बघा

बाइक घ्यायचीये, बजेट दीड लाखाच्या आसपास आणि घरच्यांनी कसाबसा होकार दिलाय. आता तुमच्या फोनवर दोन टॅब उघडे असणार. एकात नवी फोर-स्ट्रोक: आर१५, पल्सर, अपाचे असं काहीतरी. दुसऱ्यात कुणीतरी चकाचक करून विकायला काढलेली यामाहा आरएक्स १००. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, म्हणजे पहिला टॅब स्वस्त झालाय. तरी बोट दुसऱ्यावरच जातं ना?

जाणारच. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं आणि ताकद ११ बीएचपी. जवळपास तेवढ्याच सीसीची आजची स्प्लेंडर साधारण ८ देते. यात जादू नाही. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोलचा भडका उडतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. वर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, त्यामुळे इंजिन हलकं आणि अख्खी गाडी शंभर किलोच्या आसपास. आर१५ चं वजन १४० किलोच्या घरात. सिग्नल सुटल्यावर आरएक्स जी झेप घेते, ती यातून येते. रेसिंगवाल्यांनाही हा हिशेब पक्का ठाऊक होता. मोटोजीपीत २००२ मध्ये ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या जोडीला फोर-स्ट्रोक आणल्या, तेव्हा त्यांना ९९० सीसीपर्यंत मुभा द्यावी लागली. २०१२ मध्ये १२५ सीसी टू-स्ट्रोकचा वर्ग बंद करून मोटो३ आला, तो २५० सीसी फोर-स्ट्रोकचा. सरळ दुप्पट!

पण या साधेपणाचीच किंमत आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत शिरतं तेव्हा धूर बाहेर जायची वाटही उघडीच असते, म्हणून थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. शिवाय ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. ज्या निळसर धुराच्या वासावर आपण फिदा असतो, तो हाच. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या मागे पडल्या. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस६ आल्यावर तर विषयच संपला. म्हणजे तुमच्यापुढचा प्रश्न टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा नाहीच. प्रश्न आहे, नवी गाडी की तुमच्यापेक्षा वयानं मोठी गाडी? सगळ्यात तरुण आरएक्स १०० सुद्धा १९९६ ची आहे.

आणि खरी गोची इंजिनात नाही, कागदात आहे. इंजिन गॅरेजवाला बांधून देईल. बोअर, पिस्टन, क्रँक, पैसे टाकले की सगळं होतं. आरसीचं तसं नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे १९९५ च्या गाडीचं ते २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ असं चार वेळा झालेलं हवं. विकणाऱ्याला एवढंच विचारा आणि त्याचा चेहरा बघा. २० वर्षांवरच्या दुचाकीसाठी हे शुल्क केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये २ हजार रुपये केलं. वर आपल्याकडे पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. हे खर्च परवडतील हो, पण मूळ मालक हयात नसेल, गाडी कर्नाटकातून एनओसीशिवाय आली असेल किंवा चेसिस एकीची नि इंजिन दुसरीचं असेल, तर ‘पेपर होऊन जातील भावा’ या वाक्यावर लाखभर रुपये देऊ नका. अशा गाडीचा विमा कागदावरही अडतो आणि अपघातानंतरही. भरपाई तुमच्या, म्हणजे खरं तर बाबांच्या खिशातून जाते.

ब्रेकचं तर कुणी बोलतच नाही. १२५ सीसीवरच्या नव्या बाइकला एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. आरएक्सला पुढेही ड्रमच. त्यात टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळपास नसतं. घाट उतरताना थ्रॉटल सोडला तरी गाडी पळतच राहते. पावसाळ्यात, मागे मित्र बसलेला असताना, हे आठवून बघा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची सीलं त्यासाठी बनलेलीच नाहीत.

माझं मत विचाराल तर रोज कॉलेज, क्लास, इंटर्नशिप सगळं एकाच गाडीवर करायचं असेल, तर फोर-स्ट्रोकच घ्या, आणि आर१५ च हवी असा हट्टही नको. ती वाकून चालवायची बाइक रोजच्या ट्रॅफिकमध्ये मनगटं दुखवते. घरात अ‍ॅक्टिव्हा आहे, रविवारी हात काळे करायला आवडतात, ओळखीचा जुना मिस्त्री आहे? मग आरएक्स जरूर घ्या, मीही मागे बसायला येईन. फक्त टोकन देण्याआधी नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका, आणि हँडलखालच्या चेसिस नंबरवरचा ग्रीस पुसून तो नि इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवून बघा. विकणारा ‘घाई आहे’ म्हणाला, तर त्याला घाई करू द्या.