पुस्तक मिटता येतं, रस्ता मिटता येत नाही

वाचकहो, आज तुम्हाला दोन साधे प्रश्न. पहिला : हातात घेतलेली कादंबरी आवडली नाही, पटली नाही, तर तुम्ही काय करता? दुसरा : सिग्नल लाल असताना शेजारचा स्कूटरवाला खुशाल पुढे निघून गेला, तर काय करता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं. "जाऊ दे ना, आपल्याला काय करायचंय!" पहिल्या प्रश्नाला मात्र हल्ली वेगळाच सूर लागतो. "असलं छापूच कसं देतात? बंदी घाला!" खरं तर या दोन उत्तरांची अदलाबदल व्हायला हवी. पुस्तकाच्या बाबतीत "जाऊ दे" म्हणावं आणि रस्त्यावर मात्र मुळीच सोडू नये. योगायोग असा, की चेन्नईतल्या एकाच न्यायालयाने वर्षभराच्या अंतराने या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. 1996 मध्ये शहराचं मद्रासचं चेन्नई झालं, पण न्यायालय आजही मद्रास उच्च न्यायालय म्हणूनच ओळखलं जातं.

आधी पुस्तकाची गोष्ट. पेरुमाल मुरुगन हे तमीळमधले नावाजलेले कादंबरीकार. नामक्कलच्या सरकारी महाविद्यालयात ते तमीळ शिकवत. त्यांची 'मादोरुबागन' ही कादंबरी 2010 मध्ये आली. या नावाचा अर्थ अर्धनारीश्वर. काली आणि पोन्ना हे शेतकरी जोडपं. एकमेकांवर जीव टाकणारं, पण मूल नाही. मग नातेवाइकांचे टोमणे, शेजारणींच्या नजरा, नवससायास. आपल्याकडच्या कितीतरी सुनांनी हे सोसलं आहे! कादंबरीत तिरुचेंगोडच्या देवळातल्या रथोत्सवातली एक जुनी चाल येते. अपत्यहीन स्त्रीने त्या रात्री परपुरुषाकडून मूल मागावं, तो देवच मानावा, अशी ती चाल.

चार वर्षं कुणी काही बोललं नाही. 2013 मध्ये इंग्रजी अनुवाद आला आणि 2014 च्या अखेरीस एकदम वादळ उठलं. प्रती जाळल्या, बंद पुकारला. आपल्या गावाची आणि बायकांची बदनामी झाली, असं तिथल्या अनेकांना वाटलं. वाटणं खोटं होतं असं म्हणता येणार नाही. पण त्यापुढे जे झालं ते वाईट होतं. 12 जानेवारी 2015 ला अधिकाऱ्यांसमोर बैठक झाली आणि लेखकाकडून बिनशर्त माफी लिहून घेतली गेली. पाठोपाठ मुरुगन यांनी जाहीर केलं, की लेखक पेरुमाल मुरुगन मरण पावला आहे. माणूस जिवंत आणि त्याच्यातला लेखक मेला! घरदार सोडून त्यांना चेन्नईला यावं लागलं.

5 जुलै 2016 ला उच्च न्यायालयाचा निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांनी सांगितलं, की त्या बैठकीतली माफी लेखकावर बंधनकारक नाही. पुस्तक वाचायची सक्ती कुणावर नसते, आवडलं नाही तर बाजूला टाका, असंही त्यांनी सुनावलं. लेखकाने पुन्हा उठून लिहावं, ही इच्छा निकालातच व्यक्त झाली. मुरुगन लिहू लागले. 2023 मध्ये त्यांच्या एका कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला जेसीबी साहित्य पुरस्कार मिळाला. त्यांना गप्पच बसवलं असतं, तर वाचकांचं केवढं नुकसान झालं असतं!

आपल्या मराठीलाही हे नवं नाही. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1969 मध्ये निकाल लागला, की 'श्यामा' अश्लील नाही. एका दिवाळी अंकातल्या मजकुरासाठी सात वर्षं!

याचा अर्थ वाचकाने तोंडाला कुलूप लावावं असा नाही. पुस्तक रटाळ वाटलं तर रटाळ म्हणा, मैत्रिणीला सांगा, संपादकांना खरमरीत पत्र लिहा. मत मांडणं हा वाचकाचा हक्क आहे. दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक हिसकावणं हा नाही.

आता रस्ता. याच न्यायालयाने जून 2015 मध्ये आदेश दिला, की 1 जुलैपासून तामिळनाडूत दुचाकीवर हेल्मेट घातलंच पाहिजे. चालवणाऱ्यानेही आणि मागे बसणाऱ्यानेही. लगोलग चेन्नईत हेल्मेटच्या दुकानांपुढे गर्दी उसळली. कायदा काही नवा नव्हता. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातच तो आहे. राज्य सरकारने 2007 मध्येही सक्ती जाहीर केली होती. पण चार दिवस उत्साह आणि मग हेल्मेट पुन्हा कोपराला किंवा आरशाला लटकलेलं! हे काय एकट्या चेन्नईचं चित्र आहे? पुण्यात, नागपुरात जाऊन बघा.

"डोकं माझं, मी बघून घेईन," असं काहीजण म्हणतात. पुस्तकाला लागू पडणारा युक्तिवाद ते रस्त्यावर वापरतात. पण पुस्तक नको असेल तर मिटता येतं. उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल मिटून बाजूला ठेवता येते का? आणि डोकं तरी एकट्याचं कुठे असतं? त्या डोक्यावर आईवडील, बायको, मुलं अवलंबून असतात.

आकडे बघा. 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. सर्वांत जास्त अपघात, 64,105, एकट्या तामिळनाडूत झाले. देशभरात मेलेल्यांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यातले 14,337 मागे बसलेले होते. मागे बसते ती बहुधा आपली बायको, आई, नाहीतर मुलगी.

म्हणून सुरुवात घरातून करू या. मागे बसणाऱ्यासाठी दुसरं, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घ्या आणि हनुवटीचा पट्टा लावा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही आता हेल्मेट आणि बांधायचा पट्टा आवश्यक आहे आणि मूल मागे असताना वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. वळसा लांबचा पडतो म्हणून उलट्या बाजूने गाडी घालणाऱ्या चिरंजीवांना घरातच अडवा. "सगळेच जातात" हे उत्तर चालवून घेऊ नका.

आणि त्याच चिरंजीवांच्या उशाखाली तुम्हाला न आवडणारी कादंबरी सापडली, तर? ओरडू नका. आधी स्वतः वाचा आणि मग जेवताना त्यांच्याशी मनसोक्त भांडा. अशा भांडणात कुणी जखमी होत नाही!