बेल्ट नवा, टेन्शनर जुना

गेल्या मे महिन्यात अम्मींना घेऊन आम्ही नागपूरहून अमरावतीला निघालो. कोंढाळीच्या पुढे इंजिनातून कर्कश आवाज आला, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाहता पाहता इंजिन तापले. फॅन बेल्ट तुटला होता. सत्तरीच्या अम्मी भर उन्हात बाभळीखाली दोन तास बसून राहिल्या.

चूक आमचीच. चार महिन्यांपूर्वी बेल्ट बदलताना मिस्त्री म्हणाले होते, "सर, टेन्शनरचं बेअरिंग वाजतंय, तेही बदलून घ्या." आम्ही पैसे वाचवले. बेअरिंग झिजून पुली तिरकी झाली आणि नवा बेल्ट कडेने कापत गेला.

आता घरात नियमच आहे. गाडी सुरू करताना चीं-चीं आवाज आला, बेल्टला भेगा किंवा चकाकी दिसली, की गॅरेज गाठायचे. बेल्टसोबत टेन्शनर आणि पुल्याही तपासून घ्यायच्या. स्वतः पाहायचे तर इंजिन बंद आणि थंड असतानाच.

टायमिंग बेल्टला तर अधिक जपावे. तो तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि खर्च कैक पटींनी वाढतो. तो किती किलोमीटरला, किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. गाडी उभी असली तरी रबराचे वय वाढतेच, त्यात आपला ४५ अंशांचा उन्हाळा!

सफरीला निघण्याआधी एकदा बॉनेट उघडून पाहा. घरातली वडीलधारी माणसे आपल्या भरवशावर गाडीत बसतात.