बॉनेटखालचा टेकू

हल्ली जळगाव-धुळ्याकडे एखाद्या तरुणाने हौसेने सजवलेल्या आपल्या स्विफ्टचे किंवा पोलोचे बॉनेट उघडून दाखवले, की इंजिनवर आडवी टाकलेली एक झगझगीत नळी दिसते. कधी लाल, कधी निळी, कधी चकचकीत ॲल्युमिनियमची. तिला स्ट्रट बार म्हणतात. हिच्यामुळे गाडी वळणावर रस्त्याला चिकटून चालते, असे आपल्याला अभिमानाने सांगण्यात येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो तो निराळाच. कंपनीने एवढी मोठी गाडी बनवली, ती ही एक नळी टाकायला विसरली की काय?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. अर्ज विहिरीचा असो, ट्रॅक्टरचा असो वा जीपचा, पहिला प्रश्न एकच असे : या पैशाने नेमके काय वाढणार? गाडीचा सांगाडा घट्ट करण्यासाठी काही हजार रुपये मोजणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

जुन्या जीपला आणि आजही ट्रकला, बोलेरोला खाली शिडीसारखी लोखंडी चॅसी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. १९८३ साली आलेल्या मारुती ८००सारख्या गाड्यांत ही वेगळी शिडी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. पुढच्या चाकांचे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेले दोन खांब वर बॉडीला दोन जागी बोल्टने कसलेले असतात. फोर्ड कंपनीत काम करणाऱ्या अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. आज बहुतेक छोट्या गाड्यांत तीच आहे. जोरात वळण घेतले की त्या दोन जागांवर ताण येतो आणि त्या केसभर हलतात. स्ट्रट बार त्या दोन जागा एकमेकींना बांधून टाकतो.

तत्त्व खोटे नाही. अंगणात उंचसखल जागी बाज टाकून पाहा. बाज सांध्यांत ढिली असेल तर चारही पाय टेकतात, पण सगळी बाज पिळवटते. घट्ट असेल तर एक पाय अधांतरी राहतो. मोटारीला चारही पायांत स्प्रिंग दिलेले असतात, ते जमिनीचा उंचसखलपणा सोसण्यासाठीच. आपला सांगाडा पिळला नाही तर स्प्रिंग आपले काम नीट करतात. पण स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच थकलेले असतील तर? मग कितीही घट्ट केलेली बाज ती. एक पाय अधांतरीच राहणार.

गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत अधिक मजबूत पोलाद वापरतात आणि खांबांच्या त्या जागा इंजिनमागच्या पडदीशी आधीच जखडलेल्या असतात. रोजच्या वेगाला तिथे उरलेली हालचाल इतकी थोडी, की नळीचा फायदा झालाच तर स्टिअरिंगवरच्या जाणत्या हातालाच कळावा. त्यातही बाजारातल्या पुष्कळ नळ्यांना दोन्ही टोकांना बिजागरीसारखे सांधे आणि पातळ पट्ट्या असतात. सांधाच हलणारा असेल तर तो दुसऱ्याला काय आवरणार? एकसंध, रुंद बैठकीची नळी त्या मानाने बरी. मात्र रस्त्यावरची पकड कोणतीच नळी वाढवत नाही. ती असते टायरपाशी, आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा.

आपल्या मुलखाचाही विचार करायला हवा. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कितीही नीट केला तरी काही वर्षांत लाटा धरतो. अशा रस्त्यावर जी खुळखुळ ऐकू येते ती बहुधा झिजलेल्या बुशांची आणि थकलेल्या शॉकॲब्सॉर्बरची. वैशाखातल्या उन्हात रबर लवकर म्हातारे होते. पारोळा-एरंडोलकडच्या महामार्गावर चौपदरीकरणाने वेग वाढला, कन्नड घाटाची वळणे मात्र होती तशीच आहेत. दोन्हीकडे गाडी सांभाळतात ती टायर आणि ब्रेक.

म्हणून खर्चाचा क्रम असा असावा. आधी टायर. त्याच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीची खूण असते. रबर तिथवर झिजले की टायरची रजा झाली. मग ब्रेक, शॉकॲब्सॉर्बर, बुश, व्हील अलाइनमेंट. हे सगळे ठाकठीक असूनही हातात पैसा उरला आणि हौस असली, तर नळीचा नंबर.

काहीजण नळी सुरक्षिततेच्या नावावर विकतात. तिथे सावध व्हावे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच भारतीय छोट्या गाड्यांची समोरून टक्कर घडवून पाहिली. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पण फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकून राहिला होता आणि एअरबॅग असलेल्या पोलोने पुढे चार तारे मिळवले. प्रवासी बसतात ती पेटी मजबूत असणे ही कारखान्यात ठरणारी गोष्ट. बॉनेटखाली नळी टाकून ती साधत नाही. उलट दोन बाजू एकमेकींना बांधल्या, की एका बाजूला बसलेला दणका दुसरीकडेही पोचू शकतो. आपल्याकडच्या काळीपिवळी जीपांना जास्त माणसे बसवण्यासाठी एक पाटा वाढवत. पाटा तुटायचा थांबे, पण ओझे ॲक्सलवर आणि चॅसीवर जाई. जोर नाहीसा होत नाही, जागा बदलतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी सांगितले, की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. बोल्टने कसलेली नळी काढता तरी येते. सांगाड्याला वेल्डिंग किंवा कापाकापी केली की मामला गंभीर होतो. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका आठवतो, आपल्याला नव्हे, त्यांना.

मला हौसेचा राग नाही. रॅलीतल्या गाडीत आतून पोलादी पिंजरा जोडतात, कारण तिथला वेग आणि धोका त्याची मागणी करतो. घरची गाडी मात्र लग्नाची वऱ्हाडं नेते, म्हाताऱ्यांना दवाखान्यात पोचवते, शाळेतून पोरे आणते. तिच्यासाठी नळी वाईट नाही. शेवटच्या क्रमांकाची आहे. घासलेल्या टायरवर बसवलेली नळी ही कर्ज काढून घेतलेल्या अंगठीसारखी : दिसते छान, हप्ता मात्र चुकत नाही.

तेव्हा पोराने नळीसाठी पैसे मागितले तर एकदम 'नाही' म्हणू नये. त्याला सोबत घेऊन गाडीभोवती एक फेरी मारावी आणि टायरवरचे ते चार आकडे त्यालाच मोठ्याने वाचायला सांगावेत.