राखण की भय?

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात सहा वर्षांचा एक लॅब्राडोर आणला गेला. घरातील आजींच्या खाटेखाली तो बसून राही आणि नातवाने खाटेजवळ पाऊल टाकले की दात विचकून गुरगुरे. दोन दिवसांपूर्वी त्याने त्या सात वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा चावा घेतला होता. मुलाची जखम साबणाने पंधरा मिनिटे धुतली काय, त्याची रेबीजची लस सुरू झाली काय, याची प्रथम खातरजमा करून आम्ही हकीकत विचारली, तेव्हा मंडळींच्या बोलण्यात काळजीबरोबर थोडा अभिमानही उमटला. ‘आजींचा राखणदार आहे तो, कोणाला जवळ फिरकू देत नाही,’ असे वडील म्हणाले. तोंड बांधून उजवा कान उलगडला, तो आतील त्वचा लालभडक सुजलेली, नळीत काळपट दुर्गंधी मळ साचलेला. आणि कानाच्या मुळाशी बोट टेकताच त्या प्राण्याने अंग चोरून जो स्वर काढला, तो राखणदाराचा नव्हता. मुलगा येताजाता लाडाने त्याचे कान ओढत असे, हे मग चौकशीत निघाले. खाटेखालची जागा त्याने आजींसाठी नव्हे, स्वतःच्या बचावासाठी धरली होती.

राखण हा शब्द आपल्या भाषेत आदराने उच्चारला जातो, आणि तो आदर अनाठायी नाही. धनगराचा कुत्रा रात्री मेंढरांच्या कळपाभोवती फिरताना लांडग्याची चाहूल लागताच भुंकून उठतो, पुढे धावतो, परंतु परका मागे हटला की पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. कारण त्याला रक्तपात नको असतो, अंतर हवे असते. ज्या सदनिकेत दाराची घंटा वाजली की पाहुणा दोन पावलांत बैठकीच्या खोलीत येतो, तेथे हे अंतर मिळायचे कोठून? भुंकूनही परका हटत नाही, मागे भिंत असते, गळ्यात साखळी असते. आणि ज्याला आपण शौर्य म्हणतो ते पुष्कळदा पळवाट बंद झालेल्या जिवाची अखेरची तजवीज असते.

तरीही घरोघरी शिरस्ता असा, की कुत्रा गुरगुरला म्हणजे त्यास मारावे. मान फिरविणे, ओठ चाटणे, अंग ताठ करणे, डोळ्यांचा पांढरा भाग दाखविणे, एवढ्या विनवण्या कोणी वाचल्या नाहीत म्हणून तो गुरगुरतो. ही त्याची रीतसर फिर्याद होय. ती मारून बंद केली की वेदना तशीच राहते, केवळ पूर्वसूचना नाहीशी होते, आणि मग ‘एकाएकी चावला’ अशी नोंद आपल्या केसपेपरावर येते. कुत्र्यास उताणे पाडून ‘मालक कोण’ ते दाखवा, असा सल्ला देणारे आजही आहेत. त्यामागील म्होरक्या लांडग्याची कल्पना बंदिस्त लांडग्यांवरून निघालेली असून, तिच्या प्रसारास आपल्या 1970 सालच्या ग्रंथाने हातभार लावलेल्या डेव्हिड मीच यांनीच ती पुढे सोडून दिली.

यात आपला, म्हणजे पशुवैद्यकांचाही, एक दोष आहे आणि तो स्पष्ट बोललेला बरा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बर येथील दीर्घ प्रयोगांनंतर 1965 साली दाखवून दिले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिलाची माणसांशी व भोवतालाशी ओळख झाली नाही तर पुढे भय मूळ धरते. आपण मात्र पार्व्होच्या रास्त धास्तीने सांगतो, की लसी पूर्ण होईपर्यंत पिलू घराबाहेर काढू नका. आणि लसी पूर्ण होतात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे दार उघडण्याची मुभा मिळते ती वेळ टळून गेल्यावर. पिलाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रिक्षा, पाऊस, छत्र्या, दाढीवाले गृहस्थ, रांगणारे मूल हे सर्व दाखविता येते, लसीकरण झालेल्या कुत्र्यांच्या घरी नेता येते; हे सांगण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

जातींच्या याद्यांबद्दल थोडेच लिहितो. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने 23 जातींच्या आयात, पैदास व विक्रीस मनाई करण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. मोठ्या जबड्याचा चावा अधिक घातक असतो, हे निर्विवाद. पण आमच्या मेजावरचा तो लॅब्राडोर असल्या यादीत कधी बसला नसता.

वाचक व्यवसायबंधूंना म्हणून विनंती, की चावल्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक कुत्र्याचे कान, दात, कंबर व सांधे तपासल्याखेरीज त्याच्या स्वभावाविषयी केसपेपरावर एक अक्षरही लिहू नये. आणि चावण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत घरात कोण कोठे होते, हे मुलांनाही विचारून टिपून ठेवावे. अशी टिपणे आमच्याकडे पाठवावीत. कुटुंबांची नावे वगळून ती आम्ही येत्या अंकांतून छापू.