आजोबांच्या मुलखातलं व्हायोलिन

व्हायोलिन म्हटलं की मराठी घरात आधी गाणं आठवतं. प्रभाकर जोगांच्या 'गाणाऱ्या व्हायोलिन'वर दोन पिढ्या वाढल्या. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी हे परदेशी वाद्य मैफलीत असं मुरवलं, की ते गळ्याचंच एक रूप वाटावं. त्यामुळे व्हायोलिनच्या तालावर माणसं रात्र-रात्र नाचली असतील, हे आपल्या सहसा मनात येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र ते मूळचं नाचाचंच वाद्य. तिथे त्याला 'फिडल' म्हणतात. वाद्य तेच, तारा चारच, गजही तोच; फरक वाजवणाऱ्याच्या मनगटात आणि ऐकणाऱ्याच्या पायांत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे रेजिना कार्टर हिचा २०१४ साली आलेला 'सदर्न कम्फर्ट' हा अल्बम. (या नावाची एक दारूही आहे, पण इथे दिलासा दक्षिणेचा आहे, बाटलीचा नव्हे.) कार्टर १९६६ साली डेट्रॉईटमध्ये जन्मली, चौथ्या वर्षी व्हायोलिन शिकू लागली, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या शिस्तीत वाढली आणि किशोरवयात स्तेफान ग्रापेली या फ्रेंच वादकाला ऐकून जॅझकडे वळली. २००१ साली जिनोआ शहराने जपलेलं पागानिनीचं १७४३ सालचं व्हायोलिन या जॅझवाल्या बाईच्या हाती देण्यात आलं, तेव्हा जुन्या वळणाच्या मंडळींनी नाकं मुरडली होती. ती मैफल झाली आणि गाजली. पुढे २००६ साली तिने आईच्या आठवणीत स्विंगच्या काळातल्या गाण्यांचा अल्बम केला, २०१० साली आफ्रिकी लोकसंगीताचा. आणि मग ती वडिलांकडच्या आजोबांच्या वाटेने निघाली. हे आजोबा अलाबामात कोळशाच्या खाणीत मजूर होते.

त्यांच्या काळी त्या मुलखात माणसं काय गात होती, काय वाजवत होती, याचा शोध तिने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात घेतला. ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांच्यासारख्या संग्राहकांनी शेतात, तुरुंगात, ओसरीवर जाऊन केलेली ध्वनिमुद्रणं तिने ऐकली. १९४१ साली या दोघांच्या मोहिमेत मिसिसिपीतल्या एका शेतमजुराचं गाणं मुद्रित झालं. तोच पुढे 'मडी वॉटर्स' म्हणून जगाला माहीत झाला. त्याच्या साथीला सन सिम्स होता, आणि सिम्सचं वाद्य होतं फिडल.

कृष्णवर्णीय माणसाच्या हातात फिडल ही गोष्ट आज अमेरिकेतही पुष्कळांना नवलाची वाटते, आणि या अल्बमचं मोल तिथेच आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरच्या नाचांना फिडल वाजवायला गुलामच असत. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हे आत्मकथन लिहिणारा सॉलोमन नॉर्थप हा स्वतः फिडलवादक होता. मग हे वाद्य 'गोऱ्यांचं' कधी झालं? त्याचं मोठं श्रेय, किंवा अपश्रेय, रेकॉर्ड कंपन्यांच्या दुकानदारीकडे जातं. १९२०च्या दशकात त्यांनी दक्षिणेच्या संगीताच्या दोन याद्या केल्या : कृष्णवर्णीयांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. काळ्यांनी ब्लूज गायचं, फिडल गोऱ्यांनी वाजवायचं. मिसिसिपी शीक्ससारखे अपवाद सोडले, तर कृष्णवर्णीय फिडलवाल्यांचं फार थोडं संगीत बाजारात आलं. जे मुद्रित झालं नाही ते विस्मरणात गेलं आणि दोन-तीन पिढ्यांनंतर ते कधी नव्हतंच असं सगळे समजू लागले. कायद्याने बंदी घालूनही जे एवढं साधलं नसतं, ते विक्रीच्या यादीने साधलं.

जॅझमध्येही व्हायोलिन बाजूला पडलं, पण त्याची कारणं वेगळी. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम्सच्या दणदणाटात बिचाऱ्याचा आवाजच पोहोचत नसे. ग्रापेली आणि गिटारवादक जँगो राइनहार्ट यांनी १९३४ साली पॅरिसमध्ये जे पंचक उभं केलं, त्यात म्हणूनच ड्रम्स नव्हते : एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक डबल बेस. स्विंग म्हणजे झोका. मात्रेचे दोन सारखे तुकडे न करता पहिला किंचित लांबवायचा, दुसरा आखडायचा. त्या चढउतारात ऐकणाऱ्याचं डोकं आपोआप डोलू लागतं. ग्रापेलीचा गज त्या झोक्यावर अलगद तरंगतो. कार्टरच्या गजात हा झोका आहेच, पण जोडीला फिडलवाल्याचा रांगडा जोरही आहे.

इथे आपल्या मुंबईची आठवण यावी हे स्वाभाविक आहे. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांचा जॅझ बँड आला. त्याचा म्होरक्या लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादकच होता! त्यानंतरच्या वर्षांत गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या तरुणांनी हे संगीत आत्मसात केलं आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात त्याची पेरणी केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले नामांकित व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. १९७७च्या एका चित्रपटगीतामुळे हे नाव घरोघरी पोहोचलं खरं, पण असा माणूस सचमुच होता हे किती जणांना ठाऊक होतं? त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी वादकांची नावं श्रेयनामावलीत कधी झळकलीच नाहीत. याद्या इथेही होत्या, एवढंच.

कार्टरने तिच्याकडच्या यादीला उत्तर कसं दिलं, हे पाहण्यासारखं आहे. 'फिडल आमचं, तुम्ही निघा' असा पवित्रा तिला घेता आला असता. तिने 'ट्रॅम्पिन' हे कृष्णवर्णीयांचं भक्तिगीत घेतलं, 'सी सी रायडर'सारखा जुना ब्लूज घेतला आणि त्यांच्या शेजारी हँक विल्यम्सचं 'हाँकी टाँकिन' बसवलं. विल्यम्स हा गोऱ्यांच्या कंट्री संगीताचा मुकुटमणी, पण तोही अलाबामाचाच, आणि लहानपणी तो रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेन या कृष्णवर्णीय वादकाकडून गिटार शिकला होता. हे सगळे शेजारी होते, भांडणारे आणि एकमेकांकडून उचलणारे. दुकानदाराने मध्ये भिंत घातली म्हणून शेजार संपत नाही.

अल्बममधलं 'ब्लूज द बाझील' मुद्दाम ऐकावं. लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांची ही चीज १९३० साली अमेदे आर्दवाँ आणि डेनिस मॅगी यांनी मुद्रित केली. आर्दवाँ कृष्णवर्णीय, त्याचं वाद्य ॲकॉर्डियन. मॅगी गोरा, त्याच्या हाती फिडल. दोघांनी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्याही नाचांना साथ केली. पुढे एका नाचाच्या रात्री घाम पुसायला एका गोऱ्या मुलीने दिलेला रुमाल आर्दवाँने घेतला आणि त्यापायी त्याला अमानुष मारहाण झाली, असं त्याला ओळखणाऱ्यांनी सांगितलं आहे. त्यातून तो सावरला नाही. १९४२ साली पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. कार्टरच्या संचात ॲकॉर्डियन आहे विल होल्शाउझर या गोऱ्या वादकाकडे आणि फिडल तिच्या स्वतःच्या हाती. हा उलटा मेळ तिने ठरवून जमवला की सहज जमला, कोण जाणे. ऐकताना तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

अल्बम निर्दोष नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांचा खरखरीतपणा, मागे भुंकणारं कुत्रं, श्वास पुरेनासा झाल्यावर तुटलेली ओळ, यातलं काही इथे नाही. स्टुडिओची सफाई आहे, आणि काही ठिकाणी गिटारी-ड्रम्सचा थाट त्या साध्या चालींना पेलत नाही. पण 'कॉर्नब्रेड क्रम्बल्ड इन ग्रेव्ही' आणि 'हिकरी विंड' ऐकताना ही तक्रार विसरायला होते. इथे व्हायोलिन नाचत नाही, गातं. जोगांच्या व्हायोलिनवर वाढलेल्या कानांना तर ते अगदी ओळखीचं वाटेल. जॅझच्या नावानेच बिचकणाऱ्यांनी या दोन तुकड्यांपासून सुरुवात करावी आणि घरातल्या मुलांना 'हाँकी टाँकिन' लावून द्यावं. त्यांचे पाय हलले, तर बसून ऐका असं मात्र सांगू नये.