वगळलेल्या धड्यांची तुकडी

डिसेंबर २०२४ मध्ये देशभर ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ घेण्यात आले. ७८१ जिल्ह्यांतील सुमारे २१ लाख विद्यार्थी त्यात सहभागी झाले. निकाल जुलै २०२५ मध्ये जाहीर झाला आणि नववीच्या विद्यार्थ्यांची विज्ञानातील सरासरी ४० टक्के असल्याचे समोर आले. नेहमीप्रमाणे शिक्षक, मोबाइल आणि करोनाकाळ यांच्यावर खापर फोडून झाले. नववीतील ही मुले त्याआधीच्या दोन वर्षांत, म्हणजे सातवीत आणि आठवीत, नेमके काय शिकली होती आणि त्यांच्यापुढून काय काढून घेतले गेले होते, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

ही तुकडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाचवीचे वर्ष तिने टाळेबंदीत घालवले, सहावीचे बहुतांश पडद्यासमोर. २०२२-२३ मध्ये ती सातवीत आली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, अभ्यासक्रमाचे ‘सुसूत्रीकरण’ केले. हेतू सांगितला गेला तो मुलांवरील भार हलका करण्याचा. हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. दोन वर्षे शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना दम घेऊ द्यायला हवाच होता. प्रश्न आहे तो भार म्हणून काय उचलून फेकले गेले याचा.

सातवीच्या विज्ञानातून ‘वारे, वादळे आणि चक्रीवादळे’ हे प्रकरण गेले. हवामान व प्राण्यांचे अनुकूलन गेले, पाण्यावरील प्रकरण गेले. पुढच्या वर्षी हीच मुले आठवीत आली, तेव्हा तेथून पेशीची रचना, तारे व सूर्यमाला, हवा व पाण्याचे प्रदूषण, प्लास्टिक आणि धातू-अधातू ही प्रकरणे गेलेली होती. सर्वेक्षणातील सर्वच विद्यार्थी एनसीईआरटीची पुस्तके वापरत नाहीत, अनेक राज्यांची पुस्तके स्वतंत्र आहेत. त्यामुळे ४० टक्क्यांचे खापर या एका निर्णयावर फोडणे चुकीचे ठरेल. परंतु केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, सीबीएसईच्या शाळा आणि ही पुस्तके स्वीकारणारी राज्ये मिळून जो प्रचंड विद्यार्थिवर्ग होतो, त्याच्यापुरता हा प्रश्न पूर्णपणे खरा आहे.

चक्रीवादळाच्या प्रकरणात काय होते ते पाहण्यासारखे आहे. ओडिशातील ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाचा, म्हणजे ताशी २६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा आणि हजारो बळींचा दाखला त्यात होता. त्याहून मोलाचा होता तो प्रयोग. पत्र्याच्या डब्यात थोडे पाणी उकळायचे, वाफेने हवा बाहेर घालवली की झाकण घट्ट बसवायचे आणि वरून थंड पाणी ओतायचे. डबा डोळ्यांदेखत चिपाडासारखा चुरगळतो. त्याला कोणी हात लावलेला नसतो. बाहेरची हवाच त्याला चिरडते. हवेला दाब असतो, दाब कमी झाला की आजूबाजूची हवा तेथे धाव घेते, वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर दाब घटतो आणि म्हणूनच वादळात पत्र्याचे छप्पर ढकलले जात नाही, तर वर उचलले जाते: ही साखळी बारा वर्षांच्या मुलाला एका तासिकेत उलगडते. पुढे उबदार समुद्र, बाष्प, बाष्पाचे पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता, त्या उष्णतेने वर चढणारी हवा आणि तिच्या जागी पुन्हा धावून येणारे वारे. एवढे कळले की चक्रीवादळ कळले.

आणि त्याच्या केंद्रस्थानी असणारा शांत ‘डोळा’ही कळला. डोळा गावावरून सरकतो तेव्हा वारा पडतो, आभाळ उजळते, माणसांना वाटते संकट टळले, आणि ती घराबाहेर येतात. काही वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच ताकदीने झोडपू लागतो. किनाऱ्यावरील मुलाला हे ठाऊक असणे हा परीक्षेतील दोन गुणांचा मामला नव्हे. १९९९ मध्ये ओडिशाने सुमारे दहा हजार माणसे गमावली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक वेळेत हलवले गेले आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. यात उपग्रह, हवामान खाते आणि प्रशासन यांचा वाटा मोठा आहे. परंतु इशारा ऐकून घर सोडणारा माणूस तो इशारा समजतो तेव्हाच सोडतो.

प्रकरण वगळल्यानंतर चक्रीवादळे काही थांबली नाहीत. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ कच्छच्या किनाऱ्यावर आदळले, डिसेंबरात ‘मिचौंग’ने चेन्नई पाण्यात बुडवली, मे २०२४ मध्ये ‘रेमल’ बंगालवर आणि ऑक्टोबरात ‘दाना’ ओडिशावर आले. यांतील प्रत्येक वेळी ही तुकडी शाळेत शिकत होती. वगळण्याच्या निकषांत ‘सद्यःस्थितीत अप्रस्तुत’ असाही एक निकष होता. तो या प्रकरणाला लावला होता की नाही, हे धडानिहाय कारणे दिलीच न गेल्यामुळे सांगता येत नाही. आणि तक्रार नेमकी तीच आहे.

दुसरा निकष पुनरावृत्तीचा होता: जे दुसऱ्या विषयात किंवा दुसऱ्या इयत्तेत येते ते येथे कशाला? ऐकायला हे वाजवी वाटते. सातवीच्या भूगोलात तेव्हा हवेवर प्रकरण होते, सहावीच्या भूगोलात सूर्यमालेची ओळख होती. परंतु दोन विषयांत एकच शब्द येणे आणि दोन्हीकडे एकच गोष्ट शिकवली जाणे यांत फरक आहे. भूगोल सांगतो की वारे अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहतात. विज्ञानाच्या तासाला डबा चुरगळतो. भूगोलाने सांगितलेले वाक्य खरे कशावरून, हे विज्ञानाने दाखवायचे असते. माध्यमिक टप्प्याच्या उंबरठ्यावरील या तीन वर्षांत विषय एकमेकांना असेच हात देतात. पुनरावृत्ती म्हणून एक हात कापला, तर दुसऱ्या विषयातील तेच वाक्य पाठांतराचा ऐवज उरते.

चंद्राचे उदाहरण याहून बोलके आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरला. देशभरातील शाळांत मुलांना बसवून ते प्रक्षेपण दाखवण्यात आले. आठवीच्या वर्गातही टाळ्या वाजल्या. त्याच आठवीच्या पुस्तकातून तारे आणि सूर्यमाला हे प्रकरण काढलेले होते आणि त्याच्याबरोबर चंद्रकलाही गेल्या होत्या.

त्या प्रकरणातली कृती अगदी साधी होती. एक मोठा चेंडू किंवा मडके घ्यायचे, अर्धे पांढरे आणि अर्धे काळे रंगवायचे. मैदानात वर्तुळ आखून एका मुलाने मध्ये उभे राहायचे, दुसऱ्याने चेंडू धरून वर्तुळावरून फिरायचे, पांढरी बाजू कायम सूर्याकडे ठेवून. मधल्या मुलाला कधी पूर्ण पांढरा, कधी अर्धा, तर कधी केवळ कोरीएवढा भाग दिसतो. पृथ्वीची सावली चंद्रावर पडल्यामुळे कला होतात, हा भल्याभल्या पदवीधरांचा गैरसमज पाच मिनिटांत मोडून पडतो.

ज्याने हे केले आहे त्याला २३ ऑगस्ट ही तारीख का निवडली हेही समजू शकते. त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती. आकाशात जवळजवळ अर्धा चंद्र होता. ‘विक्रम’ जेथे उतरला तेथे नुकताच सूर्योदय झाला होता आणि पुढे पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांइतका उजेड मिळणार होता. सौरऊर्जेवर चालणाऱ्या यानाला तोच हवा होता. अर्धा चंद्र, उजेड-अंधाराची रेषा आणि यानाचे आयुष्य यांचा संबंध जोडण्याचे वय तेच, वर्ष तेच आणि क्षणही तोच होता. धडा तेवढा नव्हता.

त्याची भरपाई म्हणून काय आले? ऑक्टोबर २०२३ मध्ये चांद्रयानावर परिषदेचे विशेष पूरक पाठ प्रसिद्ध झाले आणि त्यांतील एकात उड्डाणविद्येचा पुरावा म्हणून ‘वैमानिक शास्त्रा’चा उल्लेख आला. हा ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. चंद्रकलांना पुस्तकात जागा नव्हती. यांना मात्र मिळाली. इस्रोच्या अभियंत्यांनी अचूक गणिताने मिळवलेल्या यशाचा याहून मोठा अवमान शोधून सापडणार नाही.

पेशीचे प्रकरण गेले ते मात्र खोडसाळपणाने नव्हे, निष्काळजीपणाने गेले असावे, आणि ते एका अर्थी अधिक काळजीचे आहे. आठवीत ‘सूक्ष्मजीव’ राहिले, ‘प्राण्यांमधील प्रजनन’ही राहिले. म्हणजे अमिबाचे केंद्रक दुभंगून दोन अमिबा होतात हे शिकायचे, पण केंद्रक म्हणजे काय ते पुढच्या वर्षी! शुक्राणू ही एकच पेशी असते, अंडाणूही एकच पेशी असतो हे वाचायचे (मराठीत तर त्याला अंडपेशीच म्हणतात), पण पेशी कशाला म्हणतात हे नववीत पाहायचे. पाया पुढच्या मजल्यावर हलवला म्हणजे भार कमी होतो, असे कोणत्या गवंड्याने सांगितले असते? कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून विटांसारख्या पेशी पाहणे हा या वयातील एक मोठा आनंद असतो. भार तो नव्हता. भार हा, की आधार नसलेले वाक्य तसेच घोकावे लागते.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की सगळेच काही गेले नव्हते. सातवीत सांडपाणी आणि जंगले यांवरील प्रकरणे राहिली, आठवीत वीज आणि भूकंप राहिले, पौगंडावस्थाही राहिली. म्हणून यामागे एखादा सुसंगत कट पाहणाऱ्यांचे म्हणणे टिकत नाही. दिसते ते एवढेच, की यादी करणाऱ्यांनी प्रत्येक प्रकरण सुटे पाहिले. एका इयत्तेतून काढलेली वीट दुसऱ्या इयत्तेत आणि दुसऱ्या विषयात कुठली भिंत पोकळ करते, याचा नकाशा समोर ठेवला गेला असता तर ही यादी अशी झालीच नसती.

पुढची कथा थोडक्यात. ही तुकडी नववीत गेली, तेव्हा ‘आपण आजारी का पडतो’ हे प्रकरण गेलेले होते. महासाथीत वाढलेल्या मुलांच्या पुस्तकातून. सजीवांचे वैविध्य आणि वर्गीकरणही गेले होते. २०२५-२६ मध्ये ती दहावीत आली, तर तेथून उत्क्रांती आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी काढलेली. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी उत्क्रांतीसाठी खुले पत्र लिहिले, तेव्हा उत्तर मिळाले की हे विषय अकरावी-बारावीत आहेतच. ते खरे आहे, पण विज्ञान शाखा घेणाऱ्यांपुरते, आणि उत्क्रांती तर जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरती. वाणिज्य, कला, तंत्रशिक्षण किंवा थेट रोजगाराकडे वळणाऱ्या मुलाचे विज्ञान दहावीत संपते.

दरम्यान नवी पुस्तके आली: सहावीचे २०२४ मध्ये, सातवी आणि आठवीची २०२५ मध्ये. ती अनेक अंगांनी चांगली आहेत. सातवीत पृथ्वी, चंद्र आणि सूर्य आहेत, धातू-अधातू आहेत. आठवीत सूक्ष्म सजीवसृष्टीच्या निमित्ताने पेशी परतली आहे, चंद्रकला परतल्या आहेत, आणि दाब, वारे, वादळे व चक्रीवादळे यांना पुन्हा एक पूर्ण प्रकरण मिळाले आहे. याचे स्वागत करावे तेवढे थोडे. परंतु जे २०२२ मध्ये अनावश्यक होते ते २०२५ मध्ये आवश्यक ठरले, तर मधल्या काळात शिकलेल्यांचे काय? २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन वर्षांत सातवीत असलेल्या मुलांना चक्रीवादळाचे प्रकरण विज्ञानात ना सातवीत मिळाले, ना आठवीत. त्यांच्या मागून आलेल्यांना ते मिळते, पुढे गेलेल्यांना मिळाले होते.

या दोन तुकड्यांसाठी पूरक पुस्तिका काढणे अवघड नाही. मजकूर नव्याने लिहायचा नाही, चित्रे नव्याने काढायची नाहीत. डबा, चेंडू आणि कांदा यांची प्रकरणे परिषदेनेच पूर्वी छापलेली आहेत. ती एकत्र बांधून नववी ते अकरावीच्या वर्गांत पोहोचवावी आणि तिच्या पहिल्या पानावर प्रत्येक प्रकरण तेव्हा कोणत्या निकषाने व कोणाच्या शिफारशीवरून वगळले गेले हे लिहावे. चांद्रयानाच्या पूरक पाठांना यान उतरल्यापासून जेमतेम दोन महिने लागले होते.